त्या फोटोत अणुकेंद्र दिसत नाही

सरळ रेषांचा जुडगा आणि त्यातली एकच रेष मध्येच दुभंगलेली, असा एक काळापांढरा फोटो पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. सोबतचा दावा असा: भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९१९ मध्ये अणू फोडला, त्याच क्षणाचा हा फोटो, आणि त्यात अणुकेंद्राचे तुकडे उडताना दिसतात. फोटो खरा आहे. दावा जवळजवळ शब्दागणिक चुकतो.

१९१९ च्या त्या प्रयोगात फोटो नव्हताच. अंधारात बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळले की होणारी लुकलुक सूक्ष्मदर्शकातून मोजली जाई. हा फोटो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पॅट्रिक ब्लॅकेट यांनी काढलेला, १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला.

दिसतात ते तुकडे नव्हेत, पाण्याचे थेंब आहेत. विल्सन यांच्या क्लाउड चेंबरमधला ओलसर वायू एकदम प्रसरण पावला की गार होतो आणि अल्फा कणाने (म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटलेल्या हेलियमच्या केंद्राने) वाटेत सोडलेल्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित अणु-रेणूंवर, बाष्प धरते. कण सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगाने सुटलेला. थेंब धरेपर्यंत टक्कर केव्हाच होऊन गेलेली असते. कॅमेऱ्याला मिळतो तो नुसता माग.

आता 'फोडला'. मला सर्वांत जास्त खटकतो तो हा शब्द, कारण फोटोचं खरं मोल त्यानेच झाकलं जातं. अल्फा कण नायट्रोजनच्या केंद्रावर आदळून, प्रोटॉन उडवून स्वतः निसटला असता, तर फांद्या तीन दिसायला हव्या होत्या: अल्फाची, प्रोटॉनची आणि उरलेल्या केंद्राची. दिसल्या दोनच. एक बारीक, प्रोटॉनची. दुसरी जाड आणि आखूड. म्हणजे अल्फा कण आतच राहिला. वस्तुमानाचा हिशेब: नायट्रोजनचे १४ आणि अल्फाचे ४ मिळून १८, त्यातून प्रोटॉनचा १ गेला, उरले १७. विद्युतभाराचा हिशेब ७ अधिक २ उणे १, म्हणजे ८: ऑक्सिजन! प्रोटॉन बाहेर पडला हे खरंच, पण नायट्रोजनपेक्षा जड केंद्र तिथे घडलं होतं. लुकलुक मोजून हे कळणं शक्य नव्हतं.

'नशिबाने मिळालेला फोटो' असंही कुणी जोडतं. सुमारे २३,००० फोटो, त्यांत ४ लाखांहून अधिक माग, आणि अशा दुफाट्या फक्त ८. प्रत्येक माग काटकोनातल्या दोन बाजूंनी टिपलेला, म्हणून कोन मोजता आले. नेहमीच्या टकरींतही रेष दुभंगतेच. त्यांतून या ८ वेगळ्या काढायच्या त्या कोन मोजूनच. ब्लॅकेट यांच्या आधी हे काम ताकेओ शिमिझु यांनी हाती घेतलं होतं; शिमिझु जपानला परतल्यावर ते काम ब्लॅकेट यांच्याकडे आलं. शिमिझु यांचं नाव एकाही फॉरवर्डमध्ये मला दिसलेलं नाही.