मत न देता आपला माणूस गव्हर्नर कसा करावा

आपला मराठी माणूस अमेरिकेत कुठल्यातरी राज्याच्या गव्हर्नरपदाला उभा राहिलाय असं कळलं की तो कुठल्या पक्षाचा, त्याचं म्हणणं काय, हे बिलकुल वाचत बसू नका. आधी आडनाव बघा. आडनाव ओळखीचं निघालं की गाव बघा, आणि गाव बेळगाव निघालं तर मग विषयच संपला. २०१८ ला मिशिगनमध्ये श्री ठाणेदार उतरले तेव्हा हे सगळं एकदम जुळून आलं होतं, बेळगावात वाढलेला पोरगा, १९७९ ला अमेरिकेत गेला, केमिस्ट्रीत पीएचडी, कंपन्या काढल्या, एकदा सगळं बुडालं, परत उभा राहिला. एवढं मटेरियल असल्यावर जाहीरनामा कोण वाचतो. मेसेजमध्ये बिनधास्त लिहायचं की आता सीमाप्रश्न लान्सिंगमधून सुटणार. लान्सिंग (मिशिगनची राजधानी) कुठे आहे असं कोणी विचारलं तर तो माणूस निगेटिव्ह आहे, त्याला ग्रुपमधून काढा.

तिकडचा गव्हर्नर म्हणजे साधारण आपला मुख्यमंत्रीच, लोकांनी निवडून दिलेला, बजेट मांडणारा, विधेयकावर सही करणारा नाहीतर सरळ व्हेटो मारणारा, आपल्या राज्यपालासारखा बंगल्यातल्या मोरांमध्ये रमणारा नव्हे. पण ही माहिती फॉरवर्ड करू नका, लगेच कोणीतरी विचारतं की मग तो निवडून आल्यावर नक्की काय करणार, आणि आपल्याकडे त्याचं उत्तर नसतं.

तुम्ही डोंबिवलीत किंवा सांगलीत बसून पाठिंबा देत असाल तर फार सोपं आहे. एक अभिषेक घाला, पेढे आणा, फोटो टाका. तामिळनाडूत तुळसेंद्रपुरमला कमला हॅरिससाठी २०२४ ला अशीच पूजा झाली होती, त्या हरल्या, पण पूजेत काही कमी पडलं असं कोणी म्हणणार नाही. (मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, त्यावर आपण एवढे मेसेज पाठवले होते का हा प्रश्न इथे गैरलागू आहे, मिशिगनवर लक्ष द्या.)

तुम्ही तिकडेच राहत असाल, म्हणजे नोव्हाय, ट्रॉय, कँटन वगैरे, तर जबाबदारी थोडी वाढते. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर मत नाही आणि उमेदवाराला पैसेही देता येत नाहीत, कायद्याने बंदी आहे. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहायचा परवाना असेल तर पैसे देता येतात, मत नाही. नागरिक असाल तर दोन्ही करता येतं, म्हणून नागरिक झालेल्यांनी या भानगडीत पडू नये, उत्साह दाखवायचं काम एच-वन-बी वाल्यांवर सोडावं. त्यांना फुकट व्हॉलंटियर म्हणून फोन लावता येतात, दारोदार फिरता येतं, पण ते सांगायचं नाही, खरंच कोणी गेलं तर आपल्याला पण जावं लागेल.

आता मुख्य कार्यक्रम, मीट अँड ग्रीट. हॉल घ्या, ढोल-ताशा आणा, समोसे, जिलबी, शक्य असेल तर लेझीम. उमेदवाराला मध्ये उभं करून सगळ्यांनी एकेकटे फोटो काढा, मग फॅमिलीसोबत, मग मंडळाच्या जुन्या कमिटीसोबत, मग नव्या कमिटीसोबत कारण त्यांचं जुन्यांशी पटत नाही. रस्ते, फ्लिंटचं पाणी, डेट्रॉईटमधला गाडीचा महागडा विमा, यावर त्याला काही बोलायचं असेल तर वेळ कमी आहे असं सांगा. स्वागताची भाषणं महत्त्वाची. बाहेर पडताना टेबलावर मतदार नोंदणीचे फॉर्म ठेवलेले असतात, ते पार्किंगमध्ये उभं राहून जिलबी खायला फार उपयोगी.

सह्यांचं काम आलं तर तर मजाच आहे. मिशिगनमध्ये गव्हर्नरच्या उमेदवाराला नाव मतपत्रिकेवर येण्यासाठी किमान १५,००० वैध सह्या लागतात. मंडळाची डिरेक्टरी घ्या आणि चार वेगवेगळ्या पेनांनी बसून भरून टाका. २०२२ मध्ये पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांनी हेच केलं आणि पाच रिपब्लिकन इच्छुक मतपत्रिकेवरूनच उडाले, त्यात डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग पण होते. म्हणजे पोलीसप्रमुखाच्या सह्यांमध्ये बनावट निघू शकते तर आपण कोण मोठे लागून गेलो.

मग येते प्रायमरी. पक्षाचा उमेदवार कोण हे आधी ठरतं, आणि ते ठरतं ऑगस्टमधल्या एका मंगळवारी. २०१८ ला ७ ऑगस्ट होता. आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही कुठे असता हे मी सांगायला नको, पुण्यात असता, आईच्या हातचं खात असता, मुलांना शनिवारवाडा दाखवत असता आणि ती कंटाळलेली असतात. बाहेरगावी जाणार असाल तर टपाली मत आधीच देता येतं, त्यासाठी फॉर्म भरावा लागतो. भरू नका. पुण्यातून स्टेटस ठेवा की आज ऐतिहासिक दिवस, मिशिगनकरांनो बाहेर पडा.

चुकून तुम्ही घरीच असाल आणि मतदानाला गेलातच तर मन मोठं ठेवा. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात, गव्हर्नरसाठी आपला माणूस आणि खाली दुसऱ्या पक्षातला एखादा सज्जन वाटणारा, असं दोन्हीकडे ठोका. नियम असा आहे की एकाच पक्षाच्या रकान्यात मत द्यायचं, दोन्हीकडे दिलं की पक्षाची सगळीच मतं बाद. पण सर्वांशी चांगले संबंध ठेवणं हे आपल्या रक्तात आहे, त्याला इलाज नाही.

कोणी म्हणेल की उमेदवाराने स्वतःच पैसे घातलेत, आपण कशाला पळापळ करायची. अगदी बरोबर. ठाणेदारांनी स्वतःचे १ कोटी डॉलरच्या वर घातले, सुपर बोलच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉल फायनलच्या वेळी जाहिरात दिली, नाव घराघरात गेलं, सुरुवातीच्या काही पोलमध्ये ते पुढे पण होते. विरोधकांनी प्राण्यांवर चाचण्या करणाऱ्या न्यू जर्सीच्या लॅबचा विषय काढला, २०१० मध्ये ठाणेदारांची कंपनी बुडाली तेव्हा तिथे शंभरावर बीगल कुत्री अडकून पडली होती, ठाणेदारांचं म्हणणं होतं की ताबा तर बँकेकडे होता. अशा वेळी समर्थकाने दोन्ही बाजू नीट समजून घेऊन कोणाला समजावत बसू नये, कुत्र्यांचं काय घेऊन बसलात म्हणावं, अमेरिकन मतदाराला कुत्र्यांबद्दल असं बोललेलं फार आवडतं.

तिकडे त्याच डेमोक्रॅटिक प्रायमरीतल्या प्रतिस्पर्धी ग्रेचेन व्हिटमर खड्डे बुजवू, रस्ते नीट करू एवढंच शिवी हासडून सांगत फिरल्या, कामगार संघटना त्यांच्या मागे. तिसरे उमेदवार अब्दुल अल-सय्यद यांच्यासाठी सिनेटर बर्नी सँडर्स येऊन सभा घेऊन गेले, पोरं दारोदार फिरली. निकाल, व्हिटमर ५२ टक्के, अल-सय्यद ३० टक्के, ठाणेदार साधारण १८ टक्के, म्हणजे दोन लाखांच्या आसपास मतं, एका मताला पन्नासेक डॉलर पडले. आणि त्यातली दणकून मतं पडली डेट्रॉईट शहरात, जिथल्या बहुतेक लोकांनी बेळगाव हे नाव पण ऐकलं नसेल, आडनाव उच्चारायला जाहिरातीतून शिकले बिचारे, आणि जाऊन मत देऊन आले. पुढे त्याच शहराने त्यांना २०२० ला राज्याच्या सभागृहात पाठवलं आणि २०२२ ला, आजूबाजूची गावं धरून, थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत.

या भानगडीत आपलं काय चुकलं वगैरे मीटिंग घेऊ नका. निकालाच्या दुसऱ्या दिवशी लिहा की अमेरिका अजून तयार नाही. आणि पुढे कधी आपला माणूस जिंकलाच तर चौकात फ्लेक्स लावा, त्याचा फोटो वर छोटा, खाली शुभेच्छुक म्हणून आपले बावीस जण मोठे, गॉगलवाला मधोमध. परवानगी काढायला जाऊ नका, टपाली मताचा फॉर्म भरायला वेळ नव्हता तर महापालिकेत चकरा मारायला कुठून येणार.