‘कूल-एड प्यायलाय’ म्हणण्याआधी

कंपनीच्या नव्या योजनेवर कुणी जरा जास्तच खूश दिसलं, की हिंजवडीपासून न्यू जर्सीपर्यंत कुठल्याही मीटिंगमध्ये हे वाक्य येतं : ‘ही हॅज ड्रंक द कूल-एड.’ म्हणजे यानं अक्कल गहाण टाकली, आता हा साहेबांची री ओढणार. सगळे हसतात. आपली मराठी मंडळीही हसतात आणि हल्ली सर्रास म्हणतातही. मला या वाक्याची मनापासून चीड आहे.

हे आलं कुठून? दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, जंगलात, अमेरिकन धर्मोपदेशक जिम जोन्सच्या ‘पीपल्स टेम्पल’ पंथाची जोन्सटाउन नावाची वसाहत होती. १८ नोव्हेंबर १९७८ ला तिथे ९०९ माणसं मेली, बहुतेक सगळी सायनाइड घातलेल्या सरबतानं. कूल-एड म्हणजे आपल्या रसनासारखी पाण्यात कालवायची पावडर. खरं तर त्या दिवशी वापरलेली पावडर मुख्यतः ‘फ्लेवर-एड’ या दुसऱ्याच ब्रँडची होती. पण ब्रँड चुकला याचं मला फारसं काही नाही. खोटं आहे ते ‘प्यायले’ हे क्रियापद.

मेलेल्यांत ३०० हून जास्त मुलं होती. सुरुवात त्यांच्यापासूनच केली. तान्ह्या बाळांच्या तोंडात सिरिंजनं विष सोडलं. डोळ्यांदेखत लेकरू गेल्यावर आईनं पेला तोंडाला लावला, तर तिला ‘आंधळी भक्त’ म्हणायचं? सभोवती हत्यारबंद पहारेकरी, पासपोर्ट पंथाच्या ताब्यात, बाहेर मैलोन् मैल जंगल. मृतदेह तपासणारे गयानाचे डॉक्टर लेस्ली मूटू यांनी तर कित्येकांच्या अंगावर सुईच्या खुणा पाहिल्याचं सांगितलं होतं. शिवाय याआधी तिथे रात्री-अपरात्री लोकांना गोळा करून, हे विष आहे असं सांगून पेय पाजलं जाई आणि नंतर सांगत, ही तुमच्या निष्ठेची परीक्षा होती. त्यामुळे या वेळी खरंच मरायचंय, हे किती जणांना वेळेवर कळलं असेल?

त्या शेवटच्या सभेची ध्वनिफीत आहे. तिच्यात क्रिस्टीन मिलर नावाची बाई भर सभेत उठून जोन्सशी वाद घालते. आपण रशियाला का जाऊ शकत नाही, विचारते. जिवंत आहोत तोवर आशा आहे म्हणते. या बाळांना जगायचा हक्क आहे म्हणते. जमाव तिला ओरडून गप्प करतो. तीही त्याच दिवशी मेली. त्याच दिवशी काही जण पंथ सोडून, चौकशीला आलेले अमेरिकन खासदार लिओ रायन यांच्याबरोबर निघाले होते. पोर्ट कैटुमाच्या धावपट्टीवर त्यांच्यावर गोळीबार झाला. रायन यांच्यासह पाच जण ठार झाले, त्यात निघालेल्यांपैकी एक बाई होती. विरोध झाला होता. तो मारून टाकला गेला.

आणि ही माणसं मूर्खही नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये गोरे-काळे एकाच बाकावर बसून प्रार्थना करतील असं चर्च सापडणं किती दुर्मीळ होतं! जोन्सचं चर्च तसं होतं. जोन्सटाउनमधले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, त्यात म्हाताऱ्या बायका पुष्कळ. पेन्शनचे चेक पंथाला देऊन त्या गेल्या, कारण तिथे भेदभाव नसेल असं त्यांना सांगितलं होतं. त्यांना फसवलं गेलं. फसवणाऱ्याचं नाव मात्र वाक्प्रचारात कुठेच नाही, चेष्टा होते ती फसलेल्यांची.

कुणी म्हणेल, शब्दांचं मूळ कुणाच्या ध्यानात असतं, वापरणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं. मान्य आहे, नसतंच. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट असती तर मीही गप्प बसले असते. पण धावपट्टीवर पाच गोळ्या लागलेल्या, रायन यांच्या सहायक जॅकी स्पायर त्यातून वाचल्या आणि २००८ पासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात खासदार होत्या. जोन्सटाउनमधून वाचलेल्या काहींनी हा वाक्प्रचार वापरू नका, असं जाहीरपणे सांगितलंय. ज्यांची आई, ज्यांची पोरं त्या दिवशी गेली, त्यांना टीव्हीवर कुठलाही राजकीय विश्लेषक हसत हसत हे वाक्य ऐकवतो. त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितलीये, आणि ती द्यायला आपल्याला काहीच मोजावं लागत नाही.