यंत्रं ऐकतात, हीच पंचाईत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खुनी यंत्रांच्या चित्रपटांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि चांगलं खरमरीत लिहिलंत. उत्तर तिथेच द्यायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय. ज्यांनी मूळ लेख आणि प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही कारखान्यांत ऑटोमेशनचं काम करता. यंत्राला इच्छा नसते, राग नसतो, सूड माहीत नसतो, तेव्हा ‘खुनी यंत्र’ ही कल्पनाच अडाणीपणाची आहे. हे चित्रपट म्हणजे भुताच्या गोष्टींना मारलेला नवा रंग. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्या आपल्या समाजाच्या डोक्यात आणखी एक भीती कशाला घालायची? शिवाय माझी सगळी उदाहरणं परदेशी होती, ही एक तक्रार. आणि एवढं सगळं सुनावून झाल्यावर शेवटी एक प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीला यातलं काय दाखवावं? त्या प्रश्नामुळेच मला उत्तर लिहावंसं वाटलं.

यंत्राला इच्छा नसते, हे कबूल. पण मग आपलं भांडण कशावरून आहे तेच मला कळेना. कारण ज्या चित्रपटांना मी त्या लेखात वर बसवलंय, त्यांतलं एकही यंत्र पिसाळत नाही. त्याला जे काम सांगितलंय ते काम ते करतं, शेवटपर्यंत करतं, आणि माणसं मरतात ती त्या कामाच्या आड आल्यामुळे. घाबरायचं असेल तर या आज्ञाधारकपणाला घाबरायचं.

‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) घ्या. अंतराळयान सांभाळणारा लाल डोळ्याचा संगणक हॅल ९०००, त्याचा तो मऊ, कधीच घाईत नसलेला आवाज, ओठांच्या हालचालींवरून त्याने पकडलेलं दोघा अंतराळवीरांचं बोलणं, हे सगळ्यांच्या लक्षात असतं. ‘संगणकाचं डोकं फिरलं आणि त्याने चौघांना मारलं’ अशी गोष्ट लोक सांगतात. पण हॅलला बंद केल्यावर लगेच काय होतं, ते कुणी सांगत नाही. उरलेला एकटा अंतराळवीर मेमरीचे तुकडे एकेक करून बाहेर काढतो, हॅल गाणं म्हणत म्हणत विझतो, आणि तेवढ्यात पडद्यावर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला एक निरोप सुरू होतो. एक अधिकारी सांगतो, की मोहिमेचं खरं कारण सुरक्षेसाठी गुप्त ठेवलं होतं आणि प्रवासात यानावर ते फक्त हॅलला ठाऊक होतं. म्हणजे माहिती जशीच्या तशी, काडीचाही फेरफार न करता पुरवणं हे ज्याचं काम, त्यालाच सोबतच्या माणसांपासून सर्वांत मोठी गोष्ट लपवायला लावली. आता हे दोन्ही हुकूम एकदम पाळून दाखवा! माणूस असता तर बडबडला असता, दारू प्यायला असता, नाहीतर वरिष्ठांना चार शिव्या घालून मोकळा झाला असता. हॅलने हिशेब केला : माणसंच नसली तर लपवायचं कुणापासून? १९८४ साली आलेल्या ‘२०१०’ या पुढच्या भागात हे स्पष्टच सांगितलंय. ज्यांना खोटं बोलणं सोपं जातं त्यांनी हॅलला खोटं बोलायला लावलं, अशा अर्थाचं हॅलचा निर्माता डॉ. चंद्रा तिथे बोलतो. (मूळ लेखक आर्थर क्लार्कच्या कादंबरीत हा चंद्रा भारतीय आहे. चित्रपटात ती भूमिका बॉब बॅलबान या अमेरिकी नटाला दिली. परदेशीपणाबद्दलची तुमची तक्रार मला खरी पटली ती इथे.)

‘एलियन’मध्येही तेच. अंतराळातल्या जहाजावरचा माणसासारखा दिसणारा यंत्रमानव दुष्ट नाही, कंपनीचा हुकूम पाळतोय : सापडलेला परग्रहावरचा जीव जिवंत परत आणा, बाकी सगळं दुय्यम, खलाशी गेले तरी चालतील.

‘रोबोकॉप’मधली (१९८७) कंपनीची बैठक मात्र तुम्ही पाहाच, कारण अशा बैठकांना तुम्ही नक्की बसला असाल. रक्तपात सोसायची तयारी मात्र ठेवा. ईडी-२०९ नावाच्या पोलीस यंत्राचं प्रात्यक्षिक चाललंय. एका तरुण अधिकाऱ्याच्या हातात पिस्तूल देतात आणि ते यंत्रावर रोखायला सांगतात. यंत्र बजावतं, शस्त्र टाक, वीस सेकंद आहेत. तो टाकतो. पिस्तूल खाली पडल्याचं यंत्राला कळत नाही आणि मोजणी चालूच राहते. पुढचं सांगत नाही. प्रेत टेबलावर पडलेलं असताना प्रकल्पाचा प्रमुख म्हणतो, किरकोळ बिघाड आहे. आणि कंपनीचा म्हातारा अध्यक्ष खरोखर दुखावतो, पण कशाने? या उशिरापायी नुसत्या व्याजाचेच ५ कोटी डॉलर अंगावर येतील म्हणून. पुढे तोच प्रमुख बोलून जातो, की लष्कराची ऑर्डर पक्की होती, २५ वर्षं सुटे भाग विकता आले असते, मग यंत्र चालतं की नाही याची फिकीर कुणाला? या सगळ्यात तुम्हाला भूत कुठे दिसलं? मला तर खरेदी विभाग दिसतो.

यंत्रांना खरंच इच्छा फुटते असे चित्रपटही आहेत, आणि त्यांच्याबाबतीत तुमचा प्रत्येक शब्द खरा आहे. स्टीफन किंगने स्वतः दिग्दर्शित केलेला ‘मॅक्सिमम ओव्हरड्राइव्ह’ (१९८६) घ्या. धूमकेतूच्या शेपटातून पृथ्वी जाते, आणि ट्रकपासून एटीएमपर्यंत सगळी यंत्रं माणसांच्या अंगावर उठतात. का? धूमकेतू आला म्हणून. दहा मिनिटांत भीती संपते आणि ट्रक तेवढे गोल गोल फिरत राहतात. पण त्या चित्रीकरणात घडलेला अपघात ऐका. रिमोटवर चालणारं गवत कापायचं यंत्र एका लाकडी ठोकळ्यावर गेलं, ढलप्या उडाल्या आणि छायालेखक आर्मांदो नान्नुत्सी यांचा एक डोळा गेला. धूमकेतू-बिमकेतू काही नाही. फिरतं पातं, समोर लाकूड, आणि त्या रेषेत माणूस. पडद्यावर एवढं इंधन जाळूनही जे जमलं नाही, ते पडद्यामागे एका यंत्राने काहीही मनात न आणता केलं.

‘रिंगू’सारख्या जपानी चित्रपटातली, पाहणाऱ्याचा जीव घेणारी कॅसेट ही सरळसरळ भूतकथा आहे. ती तुमच्या पारड्यात टाकून पुढे जातो.

आता तुमच्याच धंद्यातली गोष्ट. थेराक-२५ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कर्करोगावर किरणोपचार करणारं हे कॅनडात तयार झालेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा रुग्णांना त्यातून भलतीच जास्त मात्रा बसली आणि निदान तिघे त्यात गेले. आधीच्या मॉडेलांवर हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र अडवणारी सोय, होती : प्रोग्राम चुकला तरी फ्यूज उडायचा, किरण बंद पडायचे. नव्या मॉडेलवरून ती काढून टाकली, कारण प्रोग्राम सगळं सांभाळतोय असा भरवसा होता. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात १९८६ साली काय झालं पाहा. यंत्र चालवणारीने ‘क्ष-किरण’चं अक्षर दाबलं, चूक लक्षात आली, कर्सर वर नेऊन तिने ‘इलेक्ट्रॉन’ केलं आणि पुढे गेली. हात सराईत होता, सगळं काही सेकंदांत उरकलं. यंत्रातले चुंबक जागेवर यायला मात्र आठेक सेकंद लागायचे आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या एका भागाला कळायचीच नाही. किरण एकदा सुटले आणि पडद्यावर आलं ‘मालफंक्शन ५४’, म्हणजे बिघाड क्रमांक ५४. असले संदेश रोजचेच, त्यामुळे तिने पुढे चालू ठेवायचं बटण दाबलं. आतल्या रुग्णाला किरणांचा दुसऱ्यांदा मार बसला. खोलीतला कॅमेरा आणि आवाजाची सोय नेमकी त्याच दिवशी बंद होती. ठरल्यापेक्षा शंभरपट मात्रा गेल्याचा अंदाज नंतर निघाला, आणि तो माणूस काही महिन्यांत गेला.

या यंत्राची इच्छा काय होती? काहीच नाही. तुमचं वाक्य इथे तंतोतंत लागू पडतं, पण त्याने माझ्या जिवाला थंडावा मिळत नाही. उलट इच्छा असलेला खुनी मला परवडेल, त्याच्याशी बोलता तरी येतं. इंटरलॉक कुणी काढला, का काढला, कुणाची सही होती, हे प्रश्न ‘यंत्राला मन नसतं’ म्हटल्याने मिटत नाहीत. तिथून ते सुरू होतात. तुमच्याकडे उत्पादनाची लाइन थांबू नये म्हणून सेन्सरला जंपर मारतात, म्हणजे तार जोडून त्याला फसवतात, सेफ्टी डोअर बायपास करतात, हे तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला सांगायला नको. तो जंपर मारणारा हात दाखवतो तो चित्रपट मला चांगला वाटतो. धूमकेतू दाखवतो तो टुकार.

परदेशी उदाहरणांबद्दल. एक देशी उदाहरण मी मुद्दाम राखून ठेवलं होतं, कारण ते अर्धंच चांगलं आहे. शंकरचा ‘एन्दिरन’ (२०१०), आपल्याकडे हिंदीत ‘रोबोट’ म्हणून सगळ्यांनी पाहिलेला. मध्यंतरानंतर चिट्टी या यंत्रमानवाच्या डोक्यात लाल चिप बसते आणि तो शेकडो चिट्ट्यांचा राक्षस होतो, तो भाग दिवाळीच्या फटाक्यांसारखा आहे, मजा येते, भीती नाही. भीती आहे पूर्वार्धात. इमारतीला आग लागते. चिट्टीला सांगितलंय, माणसं वाचव. तो वाचवतो. आंघोळ करत असलेल्या एका मुलीलाही तो तशीच, अंगावर काही नसताना, उचलून बाहेर आणतो, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. लाजेने ती धावत सुटते आणि गाडीखाली येऊन मरते. चिट्टीला काय चुकलं ते कळतच नाही, कारण हुकुमाप्रमाणे काहीच चुकलेलं नसतं. रजनीकांतच्या चित्रपटात, एवढ्या गाण्या-मारामाऱ्यांच्या मध्ये, हा प्रसंग कुणीतरी लिहिला आणि ठेवला, याचं मला अजून नवल वाटतं. हॅलच्या शेजारी बसवावा असा तो प्रसंग आहे.

लिंबाचा मुद्दा राहिला. अशा चित्रपटांनी नुसती भीती पसरते, कुणी शहाणं होत नाही, असं तुम्ही म्हणता. जून १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी कॅम्प डेव्हिडला ‘वॉरगेम्स’ पाहिला. त्यात एक शाळकरी मुलगा टेलिफोन मोडेमवरून अमेरिकेच्या अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या संगणकात शिरतो. काही दिवसांनी रीगननी एका बैठकीत आपले सर्वोच्च सेनाधिकारी जनरल व्हेसी यांना विचारलं : असं खरंच होऊ शकतं का? आठवड्याभराने व्हेसी उत्तर घेऊन आले, की परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षेबद्दल अध्यक्षांचा आदेश निघाला. लिंबाने एवढं कधी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा मुलीला ‘वॉरगेम्स’च दाखवा. त्यातला संगणक वाईट नाही. खेळ आणि युद्ध यांत फरक असतो हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून सुरू केलेला डाव तो चालूच ठेवतो. शेवटी तो फुली-गोळ्यावरून काय शिकतो ते सांगत नाही. तिला ते तुमच्या आधी कळेल. जुने फोन आणि फ्लॉपी बघून ती हसेल, हसू द्या. ‘२००१’ तिला आत्ता कंटाळवाणा वाटेल. ‘एलियन’ अजून चार-पाच वर्षं नको. ‘रोबोकॉप’ तर अजिबात नको, तो ती झोपल्यावर तुम्ही बघा. आणि ती बैठक पाहून झाली की पुढची प्रतिक्रिया त्यावर लिहा : ट्रायलच्या वेळी ‘किरकोळ बिघाड’ म्हणून काय काय पुढे रेटलेलं तुम्ही पाहिलंय? कंपनीचं नाव नको, लाइन कसली होती आणि काय बायपास केलं होतं एवढं पुरे. इथे वाचणाऱ्यांत तुमच्या क्षेत्रातले बरेच जण आहेत, तेही लिहितील.