लेहरा धरणारा माणूस

मी पेटी वाजवते. तबल्याच्या एकलवादनाला लेहरा धरायला बसले की तासभर तीच ओळ, तीच सम. ऐकणाऱ्यांची नजर तबल्यावर. ती ओळ जरा हलली तर काय होईल, हे फक्त तबलजीला आणि मला माहीत असतं. म्हणून साल्सा, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये क्यूबाच्या तालांवर वाढलेलं नाचाचं संगीत, ऐकताना माझा कान आधी पियानोकडे जातो. तिथला मोन्तुनो, पियानोवर फिरत राहणारी ती छोटी ओळ, माझ्या लेखी लेहराच. आणि तो धरणाऱ्यांत मला सगळ्यात जवळचा लॅरी हार्लो.

1939 साली ब्रुकलिनच्या ज्यू घरात जन्मलेला मुलगा. खरं नाव लॉरेन्स इरा कान. वडील बँड चालवायचे, आई ऑपेरा गायची. हार्लेममधल्या संगीताच्या शाळेत जाता-येता लॅटिन दुकानांतून जे कानावर पडलं, त्याने तो झपाटला आणि पन्नासच्या दशकात थेट क्यूबाला जाऊन शिकला. त्याचं दैवत आर्सेनिओ रोद्रिगेस. लहानपणीच दृष्टी गेलेल्या या क्यूबन वादकाला लोक 'अद्भुत आंधळा' म्हणत. त्याच चालीवर न्यूयॉर्कच्या लॅटिन लोकांनी हार्लोचं नाव ठेवलं 'एल हुदिओ माराविलोसो', अद्भुत ज्यू. परक्या पोराचं नाव त्यांनी गुरूच्या नावात ओवून टाकलं! माझ्या मते ग्रॅमीपेक्षा हे मोठं. आर्सेनिओ 1970 च्या अखेरीस गेला, तेव्हा हार्लोने त्याला वाहिलेला अख्खा अल्बम काढला.

'हे लॅटिन लोकांच्या रक्तातच असतं,' असं कुणी म्हणालं की मी भांडते. क्लावे, म्हणजे साल्साचा सगळा ताल ज्यावर उभा असतो ते पाच ठोके, रक्तातून येत नाहीत. ते ऐकून, चुकून, पुन्हा बसून येतात. हार्लो तसाच शिकला.

साल्साच्या रेकॉर्ड काढणाऱ्या न्यूयॉर्कच्या फानिया कंपनीत तो सुरुवातीपासून होता. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन एकत्र बसवून त्याने आपल्या बँडला भरदार आवाज दिला, विशीही न गाठलेल्या इस्माएल मिरांडाला गायक म्हणून समोर उभं केलं आणि इतरांचे कितीतरी अल्बम निर्माता म्हणून घडवले. 26 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या चीता क्लबमध्ये फानिया ऑल स्टार्सचा, म्हणजे कंपनीच्या बड्या कलाकारांच्या ताफ्याचा, तो गाजलेला कार्यक्रम झाला, तेव्हाही पियानोवर हाच.

पण मी पुन्हा पुन्हा वळते ती 'हॉमी'कडे. 1973 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्याने साल्साचा ऑपेरा उभा केला. नायक आंधळा, मुका, बहिरा मुलगा. ताल मात्र त्याच्या हातात. त्यात एका गाण्यासाठी हार्लोने सेलिया क्रूसला बोलावलं. क्यूबा सोडून आलेल्या या गायिकेकडे न्यूयॉर्कच्या तरुण श्रोत्यांचं तेव्हा फारसं लक्ष नव्हतं. पुढच्याच वर्षी फानियाचा सहसंस्थापक जॉनी पाचेको याच्यासोबत तिचा अल्बम आला आणि ती साल्साची राणी झाली. तिचं नाव जगाला ठाऊक आहे. तिला त्या मंचावर आणणाऱ्याचं किती जणांना?

लॅटिन संगीताला ग्रॅमीत स्वतंत्र विभाग हवा म्हणून भांडणाऱ्यांतही तो होता. विभाग झाला, आणि 1976 मध्ये पहिला पुरस्कार पियानोवादक एडी पाल्मिएरीला मिळाला. हार्लोला 2008 मध्ये लॅटिन ग्रॅमीवाल्यांनी गौरवलं. ऑगस्ट 2021 मध्ये तो गेला, 82 व्या वर्षी.

आज रात्री हार्लोच्या बँडचं 'आब्रान पासो' लावणार आहे. तुम्हीही ऐका. पहिल्यांदा मिरांडाचा आवाज ऐका. मग परत सुरुवातीला जा आणि फक्त पियानो ऐका.