पोट कमी करताना घ्यायची काळजी

पोट कमी करायला घेणं फार चांगलं. फक्त ते खरोखर कमी होणार नाही, एवढी काळजी घ्या. वाटतं तितकं ते अवघड नाही. ठाण्यात आमच्या ओळखीतले कित्येक जण वर्षानुवर्षं पोट कमी करतायत आणि अजून एकाच्याही पोटाला धक्का लागलेला नाही. त्यांच्या अनुभवाचा तुम्हालाही लाभ व्हावा म्हणून हा प्रपंच.

आधी मुहूर्त बघा. वार सोमवारच हवा. पाडव्याला सुरुवात करावी तर पुढे आमरस उभा. आषाढात गटारी, श्रावणात उपास आहेतच मग वेगळं डाएट कशाला, भाद्रपदात मोदक, मग नवरात्रात टेंभी नाक्याची देवी, मग फराळ, आणि लग्नसराईत डाएट करणाऱ्याला लोक आमंत्रणं देत नाहीत. उरला जानेवारी. जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरून टाका. कार्ड पाकिटात आलं की हलकं वाटतं, आणि सुरुवातीला हलकं वाटणंच महत्त्वाचं.

चालायला उपवन तलावावर जा. सोसायटीच्या आवारातही चालता येतं, पण तिथे बघतंय कोण? गाडी काढा. तलावाजवळ पार्किंग शोधत चार चकरा माराव्या लागतील, त्या धरा हिशोबात. येऊरच्या बाजूला चढ लागतो तिथून मागे फिरा, गुडघ्यांचं काही सांगता येत नाही. वेग असा ठेवा की बोलताना वाक्य मध्येच तुटता कामा नये. दम लागायला लागला तर व्यायाम होतोय असं समजून ताबडतोब थांबा. वेग आटोक्यात ठेवायला आणखी एक खात्रीचा उपाय म्हणजे सोबतच्यांशी इमारतीच्या रिडेव्हलपमेंटचा विषय काढणं. बिल्डर जादा कार्पेट एरिया किती देणार आणि कॉर्पस म्हणून रोख किती यावर गाडी आली की भल्याभल्यांचे पाय जागच्या जागी थांबतात.

एवढं करून चार किलोमीटर झालेच, तर सत्तर किलोच्या माणसाच्या साधारण 200 कॅलरी खर्च होतात. त्या तशाच सोडून घरी जाऊ नका. सगळ्यांना गाडीत घालून मामलेदार मिसळ गाठा. आता इथे नीट लक्ष द्या, कारण खरं कौशल्य या टेबलावर लागतं. पहिला पाव तर्रीत बुडताना कोणी बोलत नाही. तो संपतो तेव्हा रस्सा उरलेला असतो, म्हणून दुसरा पाव. मग रस्सा संपतो आणि अर्धा पाव उरतो, म्हणून थोडा रस्सा. तो जरा जास्तच येतो, म्हणून तिसरा पाव. अन्न टाकू नये हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं आहे. तिसरा तोडायच्या आधी कोणीतरी मोठ्याने ‘आज चाललोय ना आपण!’ म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय अंगी लागत नाही. पहिल्या दोन पावांतच चालण्याच्या 200 कॅलरी परत जमा झालेल्या असतात. फरसाण, तर्री आणि वरचा चहा ही निव्वळ बचत.

हिशोबाची आवड असेल तर ऐका. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. म्हणजे असे अडतीस रविवार चालावं लागेल, तेही मिसळीशिवाय. जवळजवळ नऊ महिने. पोटाच्या बाबतीत हा काळ शास्त्रोक्त वाटत असला तरी एवढं कोणी थांबत नाही.

ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी क्रंचेस मारावेत. पोट जायला हवं तर पोटाचाच व्यायाम करायचा, हे तर्कशास्त्र इतकं सरळ आहे की ते चूक आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरची चरबी आपल्या जागी बसून ते कौतुकाने बघते. चरबी कुठून आधी उचलायची हे शरीर ठरवतं, आपल्याला विचारत नाही. बऱ्याच जणांचे आधी गाल बसतात. गाल बसले की तुमचं काम झालं, पुढचं नातेवाईक बघून घेतात. ‘काय रे, बरं नाही का तुला? केवढा वाळलास!’ असं म्हणत मावशी ताटात चौथी पुरणपोळी वाढते आणि तिच्यावर तूप ओतून हात मागे घेते. दोन महिन्यांची मेहनत तिथेच थाळीत मिळते.

घाम काढणारे पट्टे मिळतात, तेही घ्या. बांधून अर्धा तास फिरलात की वजन खरंच कमी भरतं. पाण्याचं असतं, दोन ग्लास प्यायलात की परत येतं. घामाने चरबी जात असती तर मे महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता एकही पोट शिल्लक राहिलं नसतं. खरी गंमत अशी की जळलेली चरबी बहुतांश कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जाते, पाणी होऊन जाते ती थोडीच. हे कळल्यावर सोफ्यावर बसून जोरजोरात श्वास सोडून बघायचा मोह होईल. बघा. चक्कर येईल, चरबी तिथेच राहील, कारण ती आधी कामाला लावून जाळावी लागते.

आता आहार. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद तुमच्या घरात अजून पेटला नसेल तर आजच पेटवा. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं, घरचं, तूप घालून खा म्हणतात. समंजस माणूस दोघांचंही ऐकतो. एकाकडून 55 मिनिटं घेतो आणि ती पूर्ण वापरतो, दुसरीकडून तूप घेतो. दोघंही हातपाय हलवायला सांगतात, ते वादाच्या धुरळ्यात कोणालाच ऐकू आलेलं नाही.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या. एक मोठा चमचा मध म्हणजे 60 कॅलरी, पण उपाशीपोटी घेतलेल्या कॅलरीला आपल्याकडे औषध म्हणतात. डाएट चिवडा आणा आणि दिवाणखान्यात हाताशी ठेवा. साधा चिवडा माणूस वाटीभर खातो, डाएट चिवड्याचं पाकीट संपवतो. एकादशी चुकवू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. भाताला हात लावला नाही याचं पुण्य वेगळं.

काही गोष्टी मात्र चुकूनही करू नका, त्या खरंच लागू पडतात. भात निम्मा करून त्या जागी उसळ, डाळ, अंडी किंवा मासे वाढवणं. फोडणीतलं तेल पळीने न घालता चमच्याने मोजणं. आठवड्यातून दोनदा उठाबशा नाहीतर वजनं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्यासारखा, थोडा दम लागेल असा व्यायाम करा म्हणते. दिवसाला वीस-बावीस मिनिटं होतात. एवढीशी गोष्ट करण्यात प्रतिष्ठा ती काय!

झोपेचंही तसंच. सात तास झोपा असं सांगणारा माणूस घोडबंदर रोडला राहत नसावा. आठ वाजता स्टेशनला उतरलेला माणूस शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो, कासारवडवलीला पोचेपर्यंत साडेनऊ, म्हणून पोटाला आधार म्हणून स्टेशनबाहेर एक वडापाव, घरी दहाला जेवण, झोपायला साडेबारा, सकाळी सहाचा गजर. अशा माणसाला इच्छाशक्ती कमी पडते असं म्हणणाऱ्यांना मी महिनाभर त्या रांगेत उभं करीन. असो. उपरोध चालला होता.

राहता राहिलं मोजमाप. पँटच्या नंबरावर जा, तो माणसाला कधी दुखावत नाही. दहा वर्षांपूर्वी 34 लागायची, आजही 34 लागते. मधल्या काळात पट्टा चार बोटं खाली सरकला आणि पोट त्याच्यावरून पुढे आलं, हे पँटला कळत नाही. शिंप्याची फीत घरात असेल तर लपवून ठेवा. ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, न आवळता धरली तर अडचणीचं बोलते. भारतीय पुरुषाला 90 सेंटिमीटर आणि बाईला 80 ही धोक्याची रेषा मानतात. बोटाच्या चिमटीत येते ती चरबी त्या मानाने गरीब. आत आतड्याभोवती बसलेली पुढे मधुमेहाकडे आणि हृदयविकाराकडे नेते.

तीच आतली चरबी व्यायामाला लवकर दाद देते, हा या सगळ्या प्रकारातला मोठा धोका. पण ती जाताना आरशात दिसत नाही, काट्यावरही कधी कधी कळत नाही. तेव्हा पंधरा दिवस नेटाने चालल्यावर आरशासमोर बाजूने उभे राहा, ‘काही फरक नाही’ म्हणा आणि सोडून द्या. तरीही घरातल्या कोणी फीत शोधून काढली आणि ती दोन सेंटिमीटर कमी दाखवायला लागली, तर घाबरून जाऊ नका. जेवण झाल्यावर पुन्हा मोजा.