‘पन्नास हजारात पाच देश’ : त्या मेसेजमधलं खरं किती आणि फेकाफेक किती

सांगली-मिरजेतल्या नातेवाइकांच्या, शाळेच्या, सोसायटीच्या, असेल नसेल त्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नेपाळ, भूतान, थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम, पाचही देश पन्नास हजारात. आधार दाखवा, व्हिसा नको, यूपीआय सगळीकडं चालतं, वन-वे तिकीट काढा म्हणजे स्वस्त पडतं, इन्शुरन्स म्हणजे पैसे पाण्यात, आणि घरनं डबा न्या. मी यातले बरेच देश असंच काटकसरीनं, डॉर्ममध्ये (एका खोलीत बऱ्याच जणांच्या खाटा असतात तिथं) झोपून फिरलोय, त्यामुळं स्वस्तात होत नाही असं मी म्हणणारच नाही. पण या मेसेजच्या भरवशावर कुणी मुंबई एअरपोर्टला गेला तर तो तिथनंच परत सांगलीला येणार, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधार कार्ड. नेपाळ आणि भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही हे खरं, पण ओळख म्हणून पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं, मोठ्या माणसाला नुसत्या आधारवर सहसा सोडत नाहीत. मतदार कार्ड कपाटात कुठं आहे ते आधी शोधा. बाकी तीन देशांना पासपोर्ट पाहिजेच आणि तो निदान सहा महिने शिल्लक असावा. छत्तीस पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये, दहा वर्षं चालतो, म्हणजे हा खर्च काय फार नाही पण मेसेजमध्ये तो धरलेलाच नाही.

आता ‘फुकट’ भूतान बघा. तिथं भारतीयांना माणशी दर रात्री 1200 रुपये सरकारी फी आहे, एसडीएफ म्हणतात तिला. नवरा, बायको आणि आईवडील असे चौघं पाच रात्री राहिले तर 24,000 रुपये नुसती फी झाली, हॉटेल, गाडी, जेवण सगळं वेगळं. भूतानच्या सीमेजवळच्या हासीमारा स्टेशनपर्यंतचा रेल्वे प्रवास तर मी धरतच नाही. मेसेज लिहिणारा भूतानला गेलेला नाही हे इथंच कळतं.

व्हिसा नको हे मलेशिया आणि थायलंडबाबत सध्या बरोबर आहे, पण असल्या सवलती मुदतीच्या असतात आणि मधेच बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी परत तपासा. शिवाय दोन्हीकडं जायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे! पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. व्हिएतनामला मात्र ई-व्हिसा लागतोच, सिंगल एंट्री 25 डॉलर, आणि सरकारी साइटवरनंच काढायचा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका, वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात जातं यावरनं आपल्या लोकांचे लई घोळ होतात, आणि फी परत मिळत नाही.

यूपीआय नेपाळ, भूतान, श्रीलंकेत बऱ्याच दुकानांत चालतं, मान्य. थायलंड-व्हिएतनाममध्ये माझं तरी कुठं चाललं नाही. थायलंडच्या एटीएमला दर वेळी 220 बाटच्या आसपास कापतात, म्हणजे आपले पाचशेच्या वर, त्यामुळं थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. आणि मशीननं ‘रुपयात हिशोब करू का’ विचारलं की नाही म्हणा, त्यांचा रेट आपल्या बँकेपेक्षा वाईट असतो. व्हिएतनामच्या नोटांचं अजून एक, वीस हजारची आणि पाच लाखाची दोन्ही निळ्या आणि दोन्ही प्लास्टिकच्या. माझ्या बरोबरच्या मित्रानं हनोईत कॉफीवालीला वीस हजार समजून पाच लाखाची नोट दिली, ती बाई हसत हसत नोट उलटी करून शून्य मोजून दाखवायला लागली. बाई चांगली निघाली म्हणून बरं, नाहीतर एक कॉफी सतराशे रुपयाला पडली असती. तेव्हापासून आम्ही पाच लाखाच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवायला लागलो.

वन-वे तिकीट? चेक-इन काउंटरवरच विचारतात, परतीचं किंवा पुढं जायचं तिकीट दाखवा. नसलं तर उभ्या उभ्या तिथंच महागडं काढावं लागतं.

इन्शुरन्सवर मी जरा भांडणार. हे देश फिरायला गेलेली आपली पोरं पहिलं काय करतात, तर स्कूटर भाड्यानं घेतात. परदेशात गाडी चालवायचं इंटरनॅशनल परमिट आपल्या आरटीओत मिळतं, पण ते रस्ता वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं असतं आणि व्हिएतनाम 1968 चा करार मानतं, म्हणजे ते परमिट तिथं चालत नाही. मग पडलात आणि हात मोडला तर लायसन वैध नव्हतं म्हणून इन्शुरन्सवाला पण हात वर करू शकतो. थायलंडला परमिट चालतं. तेव्हा इन्शुरन्स घ्या, त्यातली दुचाकीची अट वाचा, आणि व्हिएतनाममध्ये ॲपवरनं बाइक बोलवून मागं बसा, त्याला पैसे फार पडत नाहीत.

मग स्वस्त कसं होतं? वेळ देऊन. पन्नास हजारात एक देश निवांत होतो, तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं आणि डॉर्ममध्ये झोपायची तयारी असली तर. व्हिएतनाममध्ये रात्रीच्या स्लीपर बसनं गेलं की हॉटेलचे पैसे वाचतात. आपल्या ट्रॅव्हल्ससारखीच, फक्त बर्थच्या तीन रांगा आणि दारातच चप्पल काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, ती पिशवी मग उशाशी. उंच माणसाचे पाय मात्र मावत नाहीत. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेनं 1726 किलोमीटर आहे, एका दमात करू नका, मधे ह्यूला उतरा. दहा दिवसांत पाच देश केले तर बघणार काय, एअरपोर्टच ना?

डब्याचं म्हणणं अर्धं पटतं. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी मी पण नेतो, फक्त स्वस्त एअरलाइनला हातातलं सामान सातच किलो चालतं आणि ते वजन करून बघतात. शाकाहाऱ्यांनी घाबरू नका, व्हिएतनाममध्ये ‘चाय’ (चहा नव्हे, म्हणजे शाकाहारी) पाटी असलेली हॉटेलं असतात, थायलंडमध्ये ‘जे’ लिहिलेली पिवळी-लाल पाटी शोधा, तिथं कांदा-लसूण पण नसतो. साध्या हॉटेलात भाजीत फिश सॉस असणारच असं धरून चाला. आणि दुबई किंवा सिंगापूरवरनं जाणार असाल तर घरचा कांदा-लसूण मसाला बॅगेत टाकू नका, त्यात खसखस असते आणि तिकडं खसखस चालत नाही.