पेशंट व्हायलाही वेटिंग

नेदरलँड्समध्ये राहायला आलात की चार महिन्यांच्या आत आरोग्य विमा काढणं सक्तीचं. नाही काढला तर सरकारी पत्र बरोबर घरी येतं, पुढे दंडही. पण तो विमा वापरायचा तर आधी 'हाउसआर्ट्स', म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, गाठावा लागतो. आणि तो काही केल्या सापडत नाही. आयंडहोवनमध्ये ज्या दवाखान्याला फोन करावा तिथे एकच उत्तर: यादी भरलीय, नवे पेशंट घेत नाही. तेही इतक्या गोड आवाजात की भांडताही येत नाही. दंडाची पत्रं पाठवणाऱ्यांची यादी मात्र कधी भरलेली नसते! जरा लांबचा बघावा तर म्हणे तुमचा पोस्टकोड आमच्या हद्दीत नाही. कारण तातडीच्या वेळी डॉक्टरला 15 मिनिटांत पेशंटपर्यंत पोचता आलं पाहिजे. अहो, अर्ध्या तासात येणारा द्या, पण द्या तरी!

बरं, कान दुखतोय तर थेट कानाच्या डॉक्टरकडे जावं? हाउसआर्ट्सची चिठ्ठी नसेल तर विमा कंपनी बिल भरत नाही. डॉक्टर शोधून द्या, असं विमा कंपनीलाच सांगायची सोय आहे. सांगितलं. त्यांनी मोठ्या आस्थेनं यादी पाठवली, आणि त्यातले सगळे मला आधीच नाही म्हणून बसलेले.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "अगं, सकाळी लवकर जाऊन नंबर लावून बसायचं की!" कुठे बसू, आई? हप्ता मात्र दर महिन्याला बिनचूक कापला जातोय.